पोरसवदा शाहीर अंतराळात

गेल्या दिवाळीतील गोष्ट. स्वयंपाकघरात चिवड्याची फोडणी तडतडत होती आणि बाहेरच्या खोलीत आमचे चिरंजीव ‘स्टार ट्रेक’ पाहण्यात गढून गेले होते. मी पडलो मराठीचा मास्तर. मला अंतराळयानापेक्षा ओवी जवळची. तरी फराळाची बशी घेऊन त्याच्या शेजारी टेकलो, तो केवळ उभे राहून पाय दुखू लागले म्हणून! आणि पाहतो तो काय, चोविसाव्या शतकातील दोन फौजी गडी समोरासमोर बसून चक्क एक जुने गाणे गात होते. हातातला चिवडा हातातच राहिला.

ती मालिका म्हणजे ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’. १९८७ ते १९९४ अशी ती अमेरिकेत चालली. मी पाहिला तो भाग ‘द वूंडेड’, १९९१ सालचा. आणि गाणे ‘द मिन्स्ट्रेल बॉय’. आपल्या भाषेत ‘पोरसवदा शाहीर’ म्हणावे.

शब्द टॉमस मूर या आयरिश कवीचे. डब्लिनच्या एका किराणा दुकानदाराच्या घरी १७७९ साली जन्मलेला हा गृहस्थ. चाल मात्र त्याची नव्हे. ‘द मोरीन’ नावाची ती आयर्लंडची जुनी लोकधून. अशा चाली हेरून मूरने त्यांवर शब्द बसविले आणि १८०८ ते १८३४ या काळात ‘आयरिश मेलडीज’ या नावाने त्यांचे भाग निघत राहिले. १७९८ च्या बंडात इंग्रजांविरुद्ध उठलेल्या कॉलेजातील सोबत्यांच्या आठवणीने त्याने हे गीत लिहिले, असे मानतात. गीतातील हकिकत एवढीच : बापाची तलवार कमरेला आणि हार्प पाठीला बांधून पोर लढाईवर जातो, तेथे पडतो, आणि पडता पडता हार्पच्या तारा तोडून टाकतो. गुलामीत ती वाजू नये म्हणून! गंमत अशी, की अशी जळजळीत गीते मूरसाहेब लंडनच्या उमरावांच्या दिवाणखान्यांत पियानोवर बसून गात, आणि ऐकणारे डोळे पुशीत. ज्यांच्याविरुद्ध बंड, त्यांचेच रुमाल ओले!

आता मालिकेकडे वळू. ओब्रायन हा यानावरचा एक साधा तंत्रज्ञ. ती भूमिका करणारा कोम मीनी जन्माने डब्लिनकर. ओब्रायनची नवी नवरी केइको जपानी. ती सकाळी समुद्रातले शेवाळ वाढते आणि हा बिचारा ते निमूटपणे गिळतो. (नवविवाहितांचे हे दुःख आणखी तीनशे वर्षांनीही सुटणार नाही, असे दिसते.) पण या साध्या माणसाच्या मनात एक जुनी लढाई घर करून आहे. कार्डेशियन नावाच्या शत्रूने एका वसाहतीवर हल्ला केला, त्यात त्याचा कप्तान मॅक्सवेल याची बायकोमुले मारली गेली. पूर्वी ज्याला साधा डास मारवत नव्हता, त्या ओब्रायनने तेथेच आयुष्यात पहिल्यांदा कोणाचा जीव घेतला. आता तह झाला आहे. पण मॅक्सवेल आपले यान घेऊन शत्रूची जहाजे माणसांसकट उडवीत सुटला आहे. ती चोरून शस्त्रे वाहतात, असे त्याचे म्हणणे. आणि पंचाईत अशी, की त्याचा संशय खोटा नसतो!

हुकूम, समजावणी, धमक्या, सारे होऊन जाते. शेवटी ओब्रायन एकटाच त्याच्याकडे जातो. दोघे गेलेल्या सोबत्यांच्या आठवणी काढतात. त्यांच्यातला एक जण नेहमी एक गाणे म्हणे. कोणते बरे ते, असे मॅक्सवेल विचारतो. ओब्रायन गाऊ लागतो, मॅक्सवेल सुरात सूर मिळवितो, आणि मग तो शरण येतो.

युद्धगीताचे काम वीरश्री चेतविण्याचे, असे मी इतकी वर्षे विद्यार्थ्यांच्या वहीत उतरवून देत आलो. येथे पाहा! सगळ्या जगाने दगा दिला तरी मायभूमीच्या हक्कासाठी एक तलवार उभी राहील, असा या गीताच्या पहिल्याच कडव्यातला विचार. मॅक्सवेल दुसरे काय करीत होता? शब्दांचेच चालते तर तो अधिकच पेटायला हवा होता. पण ती चाल त्याच्यापाशी आली होती मेलेल्या दोस्ताच्या गळ्यातून. ती ओठांवर आली तशी माणसे आठवली, आणि आपण किती थकलो आहोत हेही त्याला कळले असावे. तो गुन्हेगार की शहाणा, हा निकाल मला अजून देता आलेला नाही.

या चालीने असे वेश पूर्वीही बदलले आहेत. १९७५ च्या ‘द मॅन हू वुड बी किंग’ या चित्रपटात हीच चाल आहे, पण शब्द कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या स्तोत्राचे. आपला सईद जाफरी त्या चित्रपटात होता, म्हणून तो मी दोनदा पाहिला. चाल तेव्हा ध्यानातही आली नव्हती.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, ती पुढे पुन्हा येते,” आणि त्यांनी १९९९ सालचा, ‘डीप स्पेस नाइन’ या पुढच्या मालिकेचा शेवटचा भाग लावला. ओब्रायन आता नोकरी बदलून, शिक्षक होऊन पृथ्वीवर परतायला निघाला आहे. घर रिकामे झाले आहे. जिवलग मित्र मागे राहणार. जुने दिवस त्याच्या डोळ्यांपुढून सरकू लागतात आणि मागे तीच चाल वाजते. या वेळी शब्द नाहीत, नुसती वाद्ये.

“चिवड्यात मीठ बघता का जरा?” आतून हाक आली. आम्ही दोघेही जागचे हललो नाही. मग तीच पदराला हात पुशीत बाहेर आली आणि मालिका कोणती, कप्तान कोण, काही न विचारता शेजारी बसून राहिली.