विंडोज अपग्रेड केल्यावर ई-मेल बिघडला? आधी हे तपासा, मग बटणे दाबा



विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद झाला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यामुळे बऱ्याच शाळांतले आणि घरचे संगणक अपग्रेड होत आहेत. अपग्रेड नीट पार पडते, संगणक सुरू होतो, पण आउटलुक उघडले की गडबड! कुठे पासवर्ड पुन्हा पुन्हा मागतो, कुठे मेल येतात पण जात नाहीत, तर कुठे जुने सगळे मेल गायब दिसतात.

अशा वेळी आपण घाईत काय करतो? अकाउंट काढून टाकतो, प्रोग्राम अनइन्स्टॉल करतो, नाहीतर दुकानात नेऊन "फॉरमॅट मारा" म्हणतो. नेमके इथेच नुकसान होते. बिघाड साधा असतो, पण घाईच्या उपायात पंचायत समितीची पत्रे, जुने आदेश, पटसंख्येच्या फाइल्स कायमच्या जाऊ शकतात. म्हणून आज आपण हा विषय क्रमाने समजून घेऊ.

मेल राहतो कुठे?

हे कळले की अर्धे काम झाले. मेल दोन पद्धतींनी आपल्याकडे येतो.

पहिली पद्धत आयमॅप. यात पत्र पोस्टातल्याच पेटीत राहते आणि आपण तिथे जाऊन वाचतो. म्हणजे मेल सर्व्हरवर असतो, संगणकात फक्त त्याची प्रत दिसते. संगणक बिघडला तरी मेल सुरक्षित.

दुसरी पद्धत पॉप. यात पोस्टमन पत्र घरी आणून देतो. मेल आपल्या संगणकात उतरतो आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही सेटिंग चालू नसेल तर सर्व्हरवरून निघून जातो. म्हणजे तो मेल जगात एकाच ठिकाणी, तुमच्या हार्ड डिस्कवर! जुन्या संगणकांवर ही पद्धत खूप वापरली गेली आहे.

तुमची पद्धत कोणती हे आउटलुकच्या 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये अकाउंटच्या नावासमोर लिहिलेले असते.

काहीही बदलण्यापूर्वी तीन गोष्टी करा

१) क्रोम किंवा एज उघडून तुमच्या मेलच्या वेबसाइटवर थेट लॉग-इन करा. तिथे सगळे मेल दिसले, नवा मेल पाठवता आला, तर तुमचे खाते आणि इंटरनेट ठीक आहे. बिघाड फक्त संगणकातल्या प्रोग्राममध्ये आहे. तातडीची माहिती तोपर्यंत ब्राउझरमधूनच पाठवा. काम अडत नाही.

२) ब्राउझरमध्ये जुने मेल दिसत नसतील, तर तुमचे मेल पॉपने उतरलेले असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी अकाउंट काढू नका, फॉरमॅट तर मुळीच नको.

३) मेलची फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करा. आउटलुक २०१० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत पॉपची पीएसटी फाइल बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समधील 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरमध्ये असते. विंडोज लाइव्ह मेल वापरत असाल तर मेल 'ॲपडेटा' या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. फोल्डरच्या खिडकीत 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर टिक केली की ते दिसते. कॉपी करताना मेलचा प्रोग्राम बंद ठेवा.

विंडोज नव्याने टाकताना डिस्क फॉरमॅट केली नसेल, तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज ओल्ड' नावाचे फोल्डर बघा. जुन्या युजरच्या फाइल्स त्यात सापडू शकतात. पण लक्षात ठेवा, हे फोल्डर साधारण १० दिवसांनी आपोआप पुसले जाते. "पुढच्या आठवड्यात बघू" असे इथे चालत नाही.

आता लक्षण पाहून उपाय

*पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा पुन्हा मागतो.* जीमेल वापरणाऱ्यांना हा त्रास जास्त. गुगलने २०२२ पासून खासगी जीमेल खात्यांसाठी जुन्या प्रोग्राममध्ये नुसता साधा पासवर्ड घेणे बंद केले. प्रोग्राम नवा असेल तर गुगलचे स्वतःचे लॉग-इन पान उघडते, तिथे पासवर्ड द्यायचा. प्रोग्राम जुना असेल तर गुगल खात्यात 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून 'ॲप पासवर्ड' तयार करा. तो १६ अक्षरांचा असतो. नेहमीच्या पासवर्डच्या जागी तोच टाका.

*मेल येतात, पण जात नाहीत.* येण्याचा आणि जाण्याचा सर्व्हर वेगळा असतो, म्हणून असे होऊ शकते. जीमेलसाठी आयमॅपने येणाऱ्या मेलचा पोर्ट ९९३, पॉपने येणाऱ्याचा ९९५ आणि जाणाऱ्याचा ४६५ किंवा ५८७ हवा. 'आउटगोइंग सर्व्हरला लॉग-इन लागते' या ओळीवर टिक आहे का तेही बघा. विंडोज १० वर अपग्रेड केल्यावर आउटलुकमध्ये शेवटी 'सीसीसी१३' असलेला एरर कोड आला, तर बहुधा विंडोजच्या फाइल्स दुरुस्त कराव्या लागतात. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. इंग्रजीत एस-एफ-सी लिहा, एक जागा सोडा, स्लॅश द्या, त्याला जोडून 'स्कॅननाऊ' लिहा आणि एंटर करा. काम संपेपर्यंत थांबा, मग संगणक रिस्टार्ट करा.

*प्रोग्राम उघडतच नाही किंवा अडकतो.* कंट्रोल बटण दाबून ठेवून आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करा. 'सेफ मोड'मध्ये उघडायचे का असे विचारेल, 'येस' म्हणा. असे उघडले तर दोष आउटलुकला जोडलेल्या एखाद्या ॲड-इनचा आहे. ती एकेक करून बंद करून बघा. जुना अँटिव्हायरसही मेल अडवतो, तो अपडेट करा किंवा काढा. विंडोजमध्ये स्वतःचा डिफेंडर असतोच.

*सुरक्षा प्रमाणपत्राची सूचना येते.* आधी संगणकाची तारीख बघा! तारीख चुकली की प्रमाणपत्राची मुदत संपली असे संगणकाला वाटते. रोज तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा छोटा सेल बदला.

*मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात.* मेल खराब झालेला नाही, घाबरू नका. कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांच्या रूपात दिसतो. फॉन्ट पुन्हा टाकला की मजकूर परत येतो. युनिकोडमधल्या मजकुराला ही अडचण येत नाही, म्हणून यापुढे टायपिंग युनिकोडमध्येच करा. 'मंगल' फॉन्ट यादीत दिसत नसेल तर सेटिंग्जमधील 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घ्या.

*प्रोग्रामच जुना झाला असेल तर?* विंडोज लाइव्ह मेलचा सपोर्ट जानेवारी २०१७ मध्ये संपला. विंडोज १० मधल्या 'मेल' ॲपचा सपोर्टही ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. यांच्या दुरुस्तीत वेळ घालवू नका. जुने मेल कॉपी करून ठेवा आणि नव्या आउटलुकवर किंवा थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्रामवर जा. नवे खाते जोडताना आयमॅपच निवडा.

एका वेळी एकच बदल

गणितात आपण मुलांना सांगतो ना, एक पायरी झाली की ताळा करा. इथेही तेच. एक सेटिंग बदला, स्वतःलाच एक मेल पाठवा, आला का बघा. नाही आला तर ती सेटिंग पूर्ववत करून पुढची तपासा. बदल वहीत लिहून ठेवा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारले आणि कशाने बिघडले हे कुणालाच सांगता येणार नाही, दुकानदारालाही नाही.

अजून अपग्रेड केले नसेल तर

अर्धा तास काढा. मेल पॉपने येतो की आयमॅपने ते पाहा, मेलची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, सेटिंग्जच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, पासवर्ड आठवतो का ते ब्राउझरमध्ये लॉग-इन करून तपासा आणि जुने फॉन्ट एका फोल्डरमध्ये ठेवा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही बघा. मुख्याध्यापक बदलून गेले आणि ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जातो, ही अडचण अपग्रेडच्या दिवशी कळून उपयोग नाही.

प्रोग्राम पुन्हा टाकता येतो, विंडोजही पुन्हा टाकता येते. पण एकाच डिस्कवर असलेले पत्र पुसले गेले की ते परत मिळेलच असे नाही. म्हणून आधी प्रत, मग दुरुस्ती.