काळ्या मातीचें अंतरंग आणि अदृश्य प्रकाश

औंढा नागनाथ तालुक्यांत उभारावयाच्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्र सरकारनें २०२३ सालीं मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसरचे किरण धाडून अतिसूक्ष्म हालचाल टिपणें हें तिचें काम. तेव्हांपासून, प्रकाशानें मोजमाप होतें तरी कसें, अशी पृच्छा कास्तकार बंधूंकडून होत असते. आकाशाची गोष्ट जाणत्यांनीं सांगावी. आम्ही पायांखालच्या मातीपुरतेंच लिहितों. कारण माती प्रकाशाखालीं धरून क्षणांत अहवाल देणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत, आणि अहवालावर खताचा खर्च ठरतो.

महसुलाच्या दफ्तरांत काळी, मध्यम, हलकी, मुरमाड अशा प्रती आम्ही वर्षानुवर्षें नकलून काढल्या. त्या रंग व खोली पाहून ठरत. म्हणजे तीही प्रकाशाचीच परीक्षा, फक्त डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाची. तांबड्या रंगापलीकडे न दिसणारा प्रकाश आहे, हें विल्यम हर्शल यांनीं १८०० सालीं साध्या उष्णतामापकानें दाखविलें. मातीचा खरा भेद त्या प्रकाशांत खुलतो.

दोन तंबोरे एका सुरांत लावले असतां एक छेडल्यास दुसरा आपोआप झंकारतो. पदार्थांतील अणूंचे बंधही असेच ठराविक गतीनें कंप पावतात. त्या गतीशीं जुळणारा प्रकाश ते गिळतात, उरलेला परत येतो. परत आलेल्या प्रकाशांत काय कमी आहे, यावरून आंत काय आहे तें कळतें. मातींतील पाण्याची छाया १९०० नॅनोमीटरच्या आसपास पडते, चिकणमातीची २२०० च्या, चुनखडीची २३४० च्या. कुजलेल्या पाल्याशेणाच्या लांबच लांब कार्बनी सांखळ्या त्याहूनही दूरच्या अवरक्त प्रकाशांत आपली खूण ठेवतात.

आमच्या काळ्या मातीचा मुख्य घटक पत्त्यांच्या जोडाप्रमाणें थरांचा असतो. ते थर क्ष-किरणांनीं मोजले असतां कोरडेपणीं एका थराची जागा सुमारें एक नॅनोमीटर भरते. मध्यें पाणी शिरलें कीं ती दीडपट होते. जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते ती यामुळें. ह्या शुद्ध चिकणमातीच्या एका ग्रॅमचा आंतबाहेरचा पृष्ठभाग ७०० ते ८०० चौरस मीटर, म्हणजे सात-आठ गुंठे! पांच-सहा ग्रॅमांत एक एकर. इतक्या पृष्ठभागास पाणी घट्ट चिकटून बसतें, म्हणूनच ओल दिसत असतांही रोप सुकूं लागतें. यंत्र पाणी दाखवील. त्यांतील मुळांच्या वाट्याचें किती, हें तें सरळ सांगूं शकत नाहीं.

याहून मोठी मेख पुढें आहे. २०१५ सालीं सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेंत बारा बाबी असतात. परंतु पिकास मिळणाऱ्या स्फुरद-पालाशाची स्वतःची स्पष्ट छाया ह्या प्रकाशांत पडत नाहीं. यंत्र तेथें पूर्वीं रसायनानें तपासलेल्या नमुन्यांशीं ताडून अदमास बांधतें. ते नमुने नदीच्या गाळमातीचे असल्यास आमच्या काळ्या रानाचा अदमास चुकावयाचाच. म्हणून यंत्रवाल्यास, हें कोणत्या मातीवर शिकविलें, असें अवश्य विचारावें. उत्तर न मिळाल्यास त्याच नमुन्याचा अर्धा भाग सरकारी मृदचाचणी प्रयोगशाळेंत द्यावा व दोन्ही आंकडे जुळेपर्यंत खताची मात्रा बदलूं नये.

नमुना घेतांना बांध, उकिरडा, विहीर व झाडाखालची जागा टाळावी. नागमोडी चालून आठ-दहा ठिकाणीं वीतभर खोलीची माती काढावी, एकत्र मिसळावी व त्यांतील अर्धा किलो सावलींत वाळवावी. ओली माती यंत्राखालीं धरूं देऊं नये. पाण्याची छाया इतकी दाट पडते कीं तिच्याखालीं बाकीच्या खुणा झांकून जातात.