सेल कुठं घालायचा? डिझेल इंजिनाच्या मॉडेलविषयीचे गैरसमज

मुळगावातून आगगाडी पकडायची तर थिवी गाठणं सोयीचं. त्या फलाटावर उभं राहिलं की पूर्वी गाडीआधी डिझेल इंजिनाची घरघर पोचायची. मार्च 2022 मध्ये रोहा ते ठोकूर या 741 किलोमीटर कोकण मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि प्रवासी गाड्यांवरची डिझेल इंजिनं टप्प्याटप्प्यानं हटली. तो आवाज आता घरात आणता येतो, वीतभर लांबीच्या मॉडेलमधून. मात्र असं इंजिन टेबलावर ठेवलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात सेल कुठं घालायचा?

कुठंच नाही. वीज रुळांतून येते, चाकांवाटे आत जाते. पण म्हणून 'ट्रान्सफॉर्मरची खुंटी पिळली की वेग वाढतो' हे जुन्या पद्धतीचं गणितही इथं लागू पडत नाही. डिजिटल पद्धतीत, म्हणजे डीसीसीत, रुळांवरचा दाब कायम असतो, बहुधा 14-16 व्होल्टच्या आसपास. त्याच विजेतून हुकूमही धावतो: ध्रुव झपाझप उलटत राहतात, 58 मायक्रोसेकंदांचा अर्धा ठोका म्हणजे 1 आणि 100 किंवा अधिक मायक्रोसेकंदांचा म्हणजे 0. इंजिनाच्या पोटातला डिकोडर हे वाचतो, हुकूम आपल्या नावचा असेल तरच मोटरीला वीज सोडतो. म्हणून एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालतात. नवं इंजिन बहुधा 3 हा पत्ता घेऊन येतं. दोन नवी इंजिनं पत्ता न बदलता रुळावर ठेवलीत तर दोन्ही एकदम निघतील, आणि मग लोक 'बिघडलं' म्हणून दुकानात धाव घेतात. डीसीसीची ही मांडणी जर्मनीच्या लेंझ कंपनीच्या कामातून आली आणि अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या संघटनेनं, एनएमआरएनं, ती 1990च्या दशकात प्रमाण ठरवली. त्यामुळे एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर चालतं.

आवाजाबद्दलचा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे. लोकांना वाटतं, आत एक ध्वनिफीत आहे, ती गोल गोल वाजते. प्रत्यक्षात डिकोडरच्या स्मृतीत खऱ्या इंजिनाचे सुटे तुकडे असतात: सुरू होतानाची खोकल्यासारखी उबळ, रिकामी घरघर, मग थ्रॉटलच्या आठ पायऱ्यांपैकी एकेकीचा सूर, ब्रेकची किरकिर, हॉर्न. हुकुमाप्रमाणे ते जोडले जातात. दुसरं म्हणजे, डिझेलचा आवाज वेगाच्या मागे चालत नाही. जड मालगाडी हलवताना इंजिन गर्जत असतं आणि चाकं जेमतेम सरकत असतात. उतारावर तीच गाडी भरधाव जाते तेव्हा इंजिन निवांत गुरगुरत असतं. चांगल्या डिकोडरमध्ये हे दोन्ही वेगळे ठेवता येतात. इंजिन आधी तापवून, मग हळूच गाडी सोडता येते. माझ्या मते खरी पारख इथंच होते. खोक्यावर 28 फंक्शनं छापलेली असतात, त्यांतली निम्मी कुणी दुसऱ्यांदा दाबत नाही.

आवाज कुठल्या इंजिनाचा आहे, हेही विचारावं. डब्ल्यूडीएम-2 आणि तिची भावंडं अल्को या कंपनीच्या घराण्याची, चार स्ट्रोकची, 16 सिलिंडरची. डब्ल्यूडीजी-4 आणि डब्ल्यूडीपी-4 ईएमडी या कंपनीच्या घराण्यातली, दोन स्ट्रोकची. कोकण मार्गावर दोन्ही घराणी धावली, कान असलेल्याला डोळे मिटूनही फरक कळायचा. अल्कोच्या पोटात ईएमडीचा आवाज भरलेलं मॉडेल म्हणजे फसवणूकच. छातीत घुमणारा खर्ज मात्र कुठल्याच मॉडेलकडून मागू नये. साखरेच्या वडीएवढा स्पीकर हवा तरी किती हलवणार?

'हुबेहूब 1:87' हा दावाही तपासून घ्यावा. 1:87 म्हणजे एचओ माप; त्याचा रूळ 16.5 मिलिमीटर रुंद, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरचा 87वा भाग. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, त्याला 19.3 मिलिमीटर हवेत. म्हणजे प्रमाणित रुळावर उभं असलेलं भारतीय इंजिन समोरून पाहिलं तर पाय आखडून उभं असल्यासारखं दिसतं. हा दोष कारागिराचा नाही, रुळाचा आहे. मुरगावची जुनी मीटरगेज गाडी करायची तर 12 मिलिमीटरचा रूळ मिळतो आणि माप जवळजवळ तंतोतंत बसतं.

चवथीला गणपतीभोवती गाडी फिरवायची हौस असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. डिजिटल इंजिन साध्या डीसी ट्रान्सफॉर्मरवर लगेच जळतं, हे खरं नाही. बहुतेक डिकोडर दोन्हीकडे चालतात, फक्त थोडा व्होल्टेज चढल्यावरच आवाज सुरू होतो. जळतं ते साधा ट्रान्सफॉर्मर आणि डिजिटल कंट्रोलर दोन्ही एकदम त्याच रुळाला जोडल्यावर. आणि डिकोडर नसलेलं जुनं इंजिन डिजिटल रुळावर नुसतं उभं ठेवलं तरी गुणगुणतं आणि त्याची मोटर तापते.

इंजिन मध्येच अडखळलं तर डिकोडरला दोष देण्याआधी चाकं आणि रूळ पाहा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत निकेल-सिल्व्हरचे रूळ गंजत नाहीत, पण त्यांवर काळपट थर बसतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानं निघतो. सँडपेपर मारू नये, त्याच्या ओरखड्यांत मळ जास्त साचतो.

राहिला पैशाचा प्रश्न. खोकं न उघडता ठेवलं की किंमत वाढतेच, असं नाही. तेच इंजिन नवा क्रमांक आणि नवा डिकोडर घालून कंपनी पुन्हा काढते, तेव्हा जुन्याचा भाव उतरू शकतो. शिवाय बंद खोक्यात गिअरवरचं ग्रीस घट्ट होतं. खोकं, कागद, सुटे भाग जपून ठेवावेत. इंजिन मात्र अधूनमधून काढून चालवावं, सुरुवातीची काही मिनिटं सावकाश, दोन्ही दिशांना.