नट बसला म्हणजे चाक बसले असे नव्हे

आपल्या वाचकांपैकी कित्येक बांधव गॅरेज, टायर आणि सुट्या भागांच्या धंद्यात आहेत. जुनी लोखंडी रीम काढून मॅगव्हील चढवून देण्याचे काम त्यांच्याकडे नेहमी येते. गिऱ्हाईक चाकाची चकाकी पाहते आणि भाव करते. स्टड आणि नट पाहणे हे कारागिराचे काम. तेथे चूक झाली तर धावत्या गाडीचे चाक निखळते. म्हणून हा विषय आम्ही थोडा खुलासेवार मांडत आहोत.

एक उदाहरण घेऊ. मारुती स्विफ्ट आपल्याकडे २००५ साली आली. तिच्या मालकाने जुन्या होंडा सिटीची कंपनीची मॅगव्हील नटांसकट सेकंडहँड आणली. दोन्हीकडे चार भोके, दोन्हीकडे पीसीडी, म्हणजे स्टडच्या वर्तुळाचा व्यास, १०० मि.मी. चाक सरळ आत जाते आणि काम झाले असे वाटते. पण तीन गोष्टी जुळलेल्या नसतात.

पहिली गोष्ट आट्यांची. दोन्ही गाड्यांचे स्टड १२ मि.मी. जाडीचे, परंतु सुझुकीचा पिच १.२५ आणि होंडाचा १.५. होंडाचा नट स्विफ्टच्या स्टडवर एकदोन फेरे जातो आणि अडतो. तेथे हवेची गन लावली की नट जबरदस्तीने आत जातो आणि दोन्हींचे आटे मरतात. टोयोटा आणि ह्युंदाईच्या बहुतेक मोटारींचा पिच १.५, तर निस्सानचा बहुधा १.२५ असतो. तरीही अंदाजावर न जाता पिचगेज लावून पाहावे. नट शेवटपर्यंत हाताने फिरला पाहिजे, हा साधा नियम.

दुसरी गोष्ट बैठकीची. चाक स्टडवर टांगलेले असते अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. आवळलेला स्टड किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. भार त्या दाबावर पेलला जातो. होंडाच्या मूळ चाकात नटाची बैठक गोलाकार असते. स्विफ्टचा नट शंकूच्या आकाराचा, आणि बाजारातील बहुतेक मॅगव्हीलची बैठकही ६० अंशांच्या शंकूची. गोल बैठकीत शंकूचा नट लावला तर तो एका बारीक कडेवरच टेकतो. ती कड दबते, नट सैल पडतो, स्टड मागेपुढे वाकू लागतो आणि शेवटी तुटतो. म्हणून या जोडीला १२ × १.२५ आट्यांचे, पण गोल बैठकीचे नट शोधावे लागतात. ते मिळत नसतील तर ते चाक बसवू नये.

तिसरी गोष्ट मधल्या भोकाची. स्विफ्टचा हब ५४.१ मि.मी., होंडाच्या चाकाचे भोक ५६.१. म्हणजे चहूबाजूंनी एक मिलिमीटर मोकळे. चाक मध्यावर बसले नाही तर वेगात स्टिअरिंग थरथरते. यासाठी योग्य मापाची रिंग मिळते, ती घालावी.

पीसीडीतही फसगत होते. फियाट पॅलिओचे माप ९८ मि.मी. आहे. दोन मिलिमीटरने काय होते असे म्हणून १०० चे चाक तिच्यावर ओढून बसवू नये, आणि लेथवर भोके लांबट करणे तर अजिबात नको.

चाक जाड असेल किंवा मध्ये स्पेसर घातला असेल, तर स्टडची लांबी तपासावी. निदान स्टडच्या जाडीइतके आटे नटात गेले पाहिजेत. १२ मि.मी.च्या स्टडला १.२५ पिचवर सुमारे दहा फेरे आणि १.५ पिचवर आठ. फेरे हाताने मोजावेत. उलट, स्टड लांब आणि नट बंद टोपीचा असेल, तर टोक टोपीला आधीच टेकते. नट घट्ट लागतो, चाक मात्र सैलच राहते. लांब स्टड घालताना त्याच्या खाचेदार मानेचे माप हबच्या भोकाशी जुळवावे आणि तो प्रेसने बसवावा. सैल बसणारा स्टड वेल्ड करू नये.

आवळताना हबवरचा गंज साफ करावा, आट्यांना तेल लावू नये, समोरासमोरचे नट क्रमाने घ्यावेत आणि शेवट टॉर्क पान्याने करावा. १२ मि.मी.च्या स्टडला बहुधा ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. शंभरएक किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून नट पुन्हा तपासावेत.

नटांचा एक नवा संच चाकांच्या किमतीपुढे काहीच नाही. गिऱ्हाईक कुरकुर करील, तेव्हा त्याला जुना नट आणि चाकाची बैठक शेजारी ठेवून दाखवावी. तरीही तो ऐकत नसेल तर काम सोडावे. एका गिऱ्हाइकाची मजुरी बुडेल, पण त्या गाडीत त्याची बायकामुले बसणार आहेत हे आपण विसरू नये.