छपाईसाठी तिजोरीच्या चाव्या देऊ नका

आपल्या अनेक व्यापारी बांधवांनी दुकान, गोदाम व कारखान्याचा हिशेब आता एकाच सर्व्हरवर आणला आहे. कारकून आपापल्या जागेवरून रिमोट डेस्कटॉपने त्यावर बिले करतात. बिल तयार होते, पण सामायिक प्रिंटर जोडायला गेले की पडद्यावर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो. दारात टेम्पो उभा, गिऱ्हाईक खोळंबलेले! मग वैतागून कारकुनालाच ॲडमिनिस्ट्रेटर केले जाते. आमच्या मते, हा उपाय दुखण्यापेक्षा भयंकर आहे.

मुळात प्रिंटर बिघडलेला नसतो. २०२१ च्या जुलैत विंडोजच्या छपाई यंत्रणेतील ‘प्रिंटनाइटमेअर’ हा दोष गाजला. साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून शिरूनही सर्व्हरचा पूर्ण ताबा घेता येत होता. म्हणून १० ऑगस्ट २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने नियम बदलला. सामायिक प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्याचा अधिकार तेव्हापासून फक्त ॲडमिनिस्ट्रेटरला आहे.

यावर सरळ मार्ग आहेत. प्रिंटर नेटवर्कला जोडलेला असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटरने सर्व्हरवर एकदाच त्याचा ड्रायव्हर बसवावा आणि प्रिंटरच्या आयपी पत्त्यावर तो जोडून घ्यावा. मग तो सर्व वापरकर्त्यांना आपोआप दिसतो. त्यांना फक्त छापण्याची परवानगी पुरते. प्रिंटर कारकुनाच्याच संगणकाला जोडलेला असेल, तर रिमोट डेस्कटॉप जोडताना ‘प्रिंटर्स’वर खूण करावी. विंडोज सर्व्हर २००८ पासून ‘ईझी प्रिंट’ची सोय आहे, त्यामुळे सर्व्हरवर त्या प्रिंटरचा वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही.

काही कारागीर रजिस्ट्रीत जाऊन हा नियमच बंद करतात. काम पटकन होते, पण बंद केलेले दार पुन्हा उघडे पडते.

कोणी म्हणेल, “आमचा मुनीम इमानदार आहे.” असेलच! प्रश्न त्याच्या इमानाचा नाही. त्याच्या हातून एखादी विषारी फाइल उघडली गेली आणि त्याच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असले, तर साऱ्या पेढीचा हिशेब कुलूपबंद होऊन खंडणीची मागणी येऊ शकते. त्या हिशेबात आपल्या उधारीबरोबर गिऱ्हाइकांचा आणि कारागिरांच्या मजुरीचाही तपशील असतो. ती आपल्याकडची अमानत आहे.

तेव्हा बांधवांनी आजच आपल्या संगणकवाल्याला विचारावे: “आमच्या सर्व्हरवर ॲडमिनिस्ट्रेटर किती जण आहेत, आणि का?”