झिजायलाच बसवलेली यंत्रं

संग्रहालयातली वस्तू टिकवायची तर तिला काचेत ठेवतात, भोवती दोरी बांधतात, ‘हात लावू नये’ अशी पाटी लावतात. विज्ञान केंद्रातल्या यंत्राच्या नशिबी नेमकं उलटं लिहिलेलं असतं. मूठ फिरवा, बटण दाबा, दोर ओढा, असं त्याच्या अंगावरच लिहून ठेवतात. शाळेची सहल बसमधून उतरली की ती पाटी कोणी वाचत नाही. पहिला मुलगा मूठ उलटी फिरवतो, दुसरा तिला लोंबकळतो, आणि बटण दाबून काही झालं नाही तर तिसरा ते आणखी जोरात दाबतो. आपल्या घरातल्या मिक्सरला अशी वागणूक मिळाली तर तो आठवडाभर टिकणार नाही.

मग ही यंत्रं टिकतात कशी? हा प्रश्न ज्या संस्थेनं सगळ्यात मोकळेपणानं अंगावर घेतला ती म्हणजे सान फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम. फ्रँक ओपेनहायमर यांनी ते १९६९ साली सुरू केलं. अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट यांचे हे धाकटे भाऊ, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. एके काळी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते म्हणून १९४९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातली नोकरी गेली आणि पुढची दहाएक वर्षं त्यांनी कोलोरॅडोत गुरं पाळली. नंतर तिथल्याच गावच्या शाळेत ते विज्ञान शिकवू लागले, तेव्हा सुटे भाग हुडकायला मुलांना चक्क भंगाराच्या ढिगाऱ्यावर नेत. एक्सप्लोरेटोरियमचा सगळा स्वभाव मला त्या ढिगाऱ्यात दिसतो. मोडलेल्या वस्तूची लाज नाही, उलट ती उघडून बघायची हौस.

त्यांना मिळालेली जागाही गमतीची. पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स ही इमारत १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तात्पुरती म्हणून उभी केलेली, बरीचशी लाकूड आणि प्लास्टरची. लोकांचा जीव जडला म्हणून ती पाडली नाही. ती आपली आपण ढासळत राहिली आणि १९६० च्या दशकात काँक्रीटमध्ये पुन्हा बांधली गेली. म्हणजे जुनं रूप तेच, अंग मात्र बहुतेक नवं. आत शिरलेल्या यंत्रांच्या नशिबीही पुढे हेच आलं.

या इमारतीत ओपेनहायमर यांनी कार्यशाळा तळघरात लपवली नाही, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर मांडली. लेथ, वेल्डिंग, करवतीचा आवाज, सगळं उघड्यावर. नवं यंत्र आधी प्लायवूड आणि शिकंजे लावून कच्चं बनवायचं, लोकांत नेऊन ठेवायचं, लोक ते कसं मोडतात हे पाहायचं आणि मग पक्कं करायचं. २०१३ मध्ये संस्था बंदरातल्या पिअर १५ वर गेली, सहाशेहून अधिक यंत्रं झाली, तरी कार्यशाळा अजून लोकांसमोरच आहे.

मोडतं काय, याचाही एक स्वभाव असतो. फिरणाऱ्या पाटावर उभं राहून हात आवळायचे आणि गरकन वेग वाढवायचा, त्या पाटाचं बेअरिंग जातं. ते बाजारात मिळतं, तासाभरात बदलता येतं. हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूच्या यंत्रात पंखा टिकतो, चेंडू घरी जातो. रबरी पट्ट्यावर चालणाऱ्या व्हॅन डी ग्राफ जनित्राचं दुखणं वेगळं. दमट हवेत त्याचा विद्युतभार गळून जातो, पावसाळ्यात केस उभे राहायला तयार नसतात, आणि यंत्र बिघडलं नसूनही बिघडल्यासारखं वाटतं. लोखंड झिजतं, पण सांगून झिजतं. आधी करकरतं, मग डुगडुगतं. पडद्यावरची यंत्रं अशी सूचना देत नाहीत. फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार २०२० च्या अखेरीस काढून घेतला गेला आणि त्यावर बेतलेले किऑस्क धडधाकट असूनही म्हातारे झाले. तीन रंगांच्या दिव्यांनी रंगीत सावल्या पाडणारं जुनं एक्झिबिट घ्या. साधे बल्ब बाजारातून हटले की एलईडी आणून रंगांचा मेळ पहिल्यापासून जुळवायला लागतो. माझं मत विचाराल तर विज्ञान केंद्रांनी पडद्यांवर केलेला खर्च हा सगळ्यात अल्पायुषी खर्च आहे. मूठ म्हातारी होते तेव्हा सुतार, फिटर कुणीही ती बरी करू शकतो.

एक्सप्लोरेटोरियमनं आणखी एक शहाणपणा केला. आपल्या सुमारे दोनशे यंत्रांच्या ‘पाककृती’ तीन खंडांत छापल्या, नावच मुळी ‘कुकबुक’. काय साहित्य लागतं, कसं जोडायचं, कुठे फसायला होतं, सगळं उघड. जगभरच्या केंद्रांनी त्यावरून आपापली यंत्रं रांधली. पुरणपोळी खाऊन संपते, पण कृती आजीकडून नातीकडे जाते, तसाच हा प्रकार.

आपल्याकडे वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात १९७७ साली प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं दालन आलं, १९७९ मध्ये उघड्यावरचं विज्ञान उद्यान झालं आणि १९८५ मध्ये पूर्ण केंद्र. मुंबईची खारी हवा आणि चार महिने कोसळणारा पाऊस यांत लोखंडी यंत्रं मांडायची हे धाडसच. गंज आणि मुलं, दोन्ही एकदम. अशा उद्यानांत समोरासमोर ठेवलेल्या दोन मोठ्या वाटीदार तबकड्या सगळ्यांत दीर्घायुषी ठरतात. एकीपाशी पुटपुटलं की दूरच्या दुसरीपाशी कान लावणाऱ्याला ऐकू येतं. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे रंग उडण्यापलीकडे फारसं काही बिघडत नाही.

स्पर्शानं वस्तू झिजते हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. पंढरपूरला पदस्पर्शानं मूर्तीची झीज होते म्हणून वज्रलेप करावा लागतो, आणि तरी रांग थांबवायची कुणाची इच्छा नसते. विज्ञान केंद्राची अडचण त्याच जातीची, फक्त इथे देव बदलता येतो. कुणाला राग नसावा, हे मी बेअरिंगबद्दल म्हणतो आहे. खरी गरज असते ती बेअरिंग बदलणाऱ्या माणसाची. इमारतीच्या उद्घाटनाला निधी मिळतो, फीत कापली जाते. दर महिन्याला ग्रीस भरणाऱ्या फिटरच्या पगाराला फीत नसते.

एका लहान शहरातल्या केंद्रात मी गेलो होतो, नाव सांगत नाही. एका यंत्रावर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी होती. कागदाची असती तर आशा वाटली असती. ही लॅमिनेट केलेली होती आणि लॅमिनेशनच्याही कडा उचकटल्या होत्या. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी तरी मूठ फिरवत होती. आतले आटे केव्हाच गेलेले, मूठ मोकळीच फिरत होती. तिनं यंत्राला कान लावला, आणखी दोन फेरे फिरवले आणि मग खाली वाकून, पत्र्याच्या फटीतून आत काय आहे ते बघायला लागली.