दोन वर्षांचा पाहुणा

"डॉक्टरसाहेब, मुलगी हॅमस्टरसाठी हटून बसली आहे. घरात ठेवला तर चालेल का?" आदिलाबादेत दवाखाना चालविणाऱ्याला आता हाही प्रश्न ऐकावा लागतो. कुत्र्याला फिरविण्यास वेळ नाही. तेव्हा नागपूर-हैदराबादच्या दुकानातून पिंजऱ्यात मावणारा इवलासा जीव आणावा, हा त्यामागचा हिशेब. प्रश्न छोटा असला तरी त्याचे उत्तर घाईने देण्यासारखे नाही.

उंदराशी आपले नाते मुळातच दुहेरी आहे. गणरायाच्या पायाशी आपण त्याला मोदक ठेवतो आणि धान्याच्या कोठीपाशी विष. १८९६ चा मुंबईचा प्लेग आणि १९९४ साली बीड व सुरत येथे उडालेला हाहाकार आपण विसरलेलो नाही. पाळण्यासाठी पैदास केलेले प्राणी या उंदरांहून वेगळे. ते घरात आले ते बहुधा प्रयोगशाळेच्या वाटेने. १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहरोनी यांनी सीरियातील अलेप्पो परिसरातून एक मादी व तिची पिल्ले संशोधनासाठी मिळविली. आजचे पाळीव सोनेरी हॅमस्टर बहुतांशी त्याच कुटुंबाचे वंशज होत.

प्रत्येकाचा स्वभाव मात्र निराळा. सोनेरी हॅमस्टर एकलकोंडा व निशाचर. दोन एकत्र ठेवले तर जीवघेणी भांडणे होतात, आणि दिवसा उठविले तर चावतो. गिनी पिगला उलट सोबत लागते. माणसाप्रमाणेच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली होल्स्ट व फ्रोलिच यांनी स्कर्व्हीचा अभ्यास केला तो याच प्राण्यावर. म्हणून त्याला रोज ताजी हिरवी भाजी हवी.

आपल्या जिल्ह्याचे हवामान ही आणखी एक कसोटी. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना भिडतो, आणि या प्राण्यांना आपल्यासारखे घामाने अंग थंड करता येत नाही. पत्र्याच्या छपराखालचा पिंजरा म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. डिसेंबर-जानेवारीत हीच हवा दहा अंशांखाली उतरते. तेव्हा हॅमस्टर कधी कधी गारठून निश्चेष्ट पडतो. अंग थंड, श्वास अतिमंद. तो गेला असे समजून पुरण्याआधी त्याला हळूहळू ऊब देऊन पाहावे.

आता आरोग्याविषयी. घरात वाढलेल्या अशा प्राण्यापासून रेबीजची भीती जवळजवळ नसते. परंतु साल्मोनेला, गजकर्ण, उंदीर चावल्याने येणारा ताप व दम्याची ॲलर्जी यांचा विचार करावा. लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिसचा विषाणू गर्भाला घातक ठरू शकतो. म्हणून घरात गर्भवती, पाच वर्षांखालील मूल किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेला रुग्ण असल्यास असा प्राणी आणू नये, हेच योग्य. इतरांनी हाताळणीनंतर साबणाने हात धुवावेत आणि पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा. उंदीर मारण्याचे विष घरात पेरायचे असेल, तर पाळीव उंदीर ठेवूच नये. पिंजऱ्यातून सुटलेल्या जिवाला दोहोंतला भेद कसा कळावा?

परंतु माझ्या मते खरा प्रश्न याहून पुढचा आहे. हॅमस्टर साधारण दोन ते तीन वर्षे जगतो, पांढरा उंदीर जेमतेम दोन. गिनी पिग तेवढा पाच ते आठ. म्हणजे तिसरीतल्या मुलीला दिलेला हॅमस्टर बहुधा ती पाचवी-सहावीत असतानाच जाणार. पुष्कळ पालक तेव्हा रात्रीतून तसाच दुसरा आणून पिंजऱ्यात ठेवतात. हेतू प्रेमाचा, पण मुलाला ते कळल्याशिवाय राहत नाही. आणि मग मोठ्यांच्या शब्दावरचा विश्वासही त्या प्राण्याबरोबर जातो. रुग्णाच्या नातेवाइकांना सत्य सांगण्याचे धैर्य आपण डॉक्टर रोज गोळा करतो. आपल्या लेकराशी बोलताना ते का आटावे? परसातल्या झाडाखाली एक खड्डा, मूठभर माती आणि आईवडिलांनी शेजारी बसून दिलेले सरळ उत्तर, एवढे त्या मुलाला पुरे असते.

तेव्हा त्या पालकांना माझे उत्तर असे: रोजची स्वच्छता मूल नव्हे, आपण करणार असाल, उन्हाळ्यात घरातील गारवा त्याला देणार असाल, आणि शेवटच्या दिवशी खोटे बोलणार नसाल, तर अवश्य आणा. यांपैकी एकही जमणार नसेल, तर अंगणात चिमण्यांसाठी पाण्याचे मातीचे भांडे ठेवा. मुलीच्या मायेला तेही पुरेसे निमित्त आहे.